पीडीएफसाठी ई-रीडर निवडताना

पीडीएफमध्ये पानाची मांडणी पक्की बांधलेली असते. ईपबसारखा मजकूर पडद्याप्रमाणे नव्याने ओळीत बसत नाही, अख्खं पानच लहान होतं. म्हणून आधी पाहायचा तो पडद्याचा आकार. सहा इंची पडदा जेमतेम ९ × १२ सेंमी भरतो. त्यावर ए-४ पान चाळीस टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटांचं अक्षर ५ पॉइंटांचं होतं. अनुस्वार कुठे आणि शाईचा ठिपका कुठे, हे मग ओळखू येत नाही. १०.३ इंची पडद्यावर डेमी आकाराचं पुस्तक जवळपास मूळ मापात दिसतं. ए-४ अहवाल किंवा शोधनिबंध सतत वाचायचे तर १३.३ इंची बरा, पण तो महाग आणि हातात धरायला अवघड.

जुनी मराठी पुस्तकं बहुधा स्कॅन केलेली, म्हणजे पानांची छायाचित्रंच. त्यांत अक्षरांचा आकार वाढवता येत नाही; समास कापण्याची सोय मात्र फार कामाची. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांतल्या फायलींत शोध घेतला, तर बहुतेकदा हाती काहीच लागत नाही. फायली जड असल्याने प्रोसेसर आणि रॅमही पाहावी. नाहीतर पान उलटायलाच वेळ जातो. रंगीत नकाशे-चित्रांसाठी साधा टॅब्लेटच सोयीचा.