दोन मीटर उंचीचं भांडण

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. १९२६ पर्यंत तिथले लांडगे मारून संपवले, एल्क हरणं माजली, ओढ्याकाठचे विलो त्यांनी खाऊन फस्त केले. १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले, एल्क आवरले, विलो परतले आणि म्हणे नद्यांची वळणंसुद्धा बदलली. मला ही गोष्ट पहिल्यापासूनच जरा जास्त गुळगुळीत वाटत आली आहे. शिवाय माझा जीव लांडग्यांपेक्षा त्या झुडपांवर.

विलो म्हटलं की आपल्याला क्रिकेटची बॅट आठवते. आपल्या नदीकाठचा वाळुंज हा त्याच कुळातला. यलोस्टोनच्या उत्तर खोऱ्यांतले विलो मात्र झुडुपवजा, आणि त्यांच्या अटी फार. ओल्या, उघड्या गाळावर पडलं तरच बी रुजतं, तेही काही दिवसांतच, नाहीतर मेलं. एकदा मूळ धरलं की मात्र कितीही तोडा, बुडातून फुटवे येतात. शेंडा दोन मीटरच्या वर गेला की एल्कचं तोंड पोचत नाही, झुडूप सुटलं. त्याच्या आत राहिलं तर दर हिवाळ्यात खुडलं जातं आणि खुजंच राहतं.

पण एल्कचं तोंड हा अर्धाच भाग; काठची ओल राखतात ते ओढ्यावर बंधारे घालणारे बीव्हर, झाडं कुरतडून पाडणारे प्राणी. त्यांच्यासाठी एडवर्ड रॉयल वॉरन या माणसाकडे जायला हवं. कोलोरॅडोचा हा निसर्ग-अभ्यासक १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला उद्यानातल्या यान्सी परिसरात ओढे धुंडाळत हिंडला. कुठे बीव्हरांची वस्ती आहे, कुठे बंधारा, कुठे तळं, पाडलेल्या अस्पेन झाडाचं खोड किती जाडीचं, अशा नोंदी आणि सोबत फोटो. सिद्धांत जवळपास नाहीच. अहवाल छापून आला १९२६ मध्ये, म्हणजे लांडगे संपले त्याच वर्षी! कंटाळवाणा आहे, हे खरं. पण लांडग्यांमुळे विलो परतले का, या साऱ्या वादात इतका कामाचा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही. कारण १९५०च्या दशकात रॉबर्ट जोनासनं तेच ओढे पुन्हा तपासले, तेव्हा वॉरनच्या वस्त्या ओसाड पडल्या होत्या.

मधल्या तीस वर्षांत काय झालं असावं? तळ्याजवळचे अस्पेन बीव्हरांनी संपवले, विलो एल्कनी ओरबाडले. खायला आणि बांधायला काही उरलं नाही तेव्हा बीव्हर गेले. डागडुजी करणारं कुणी नाही म्हटल्यावर बंधारे फुटले. मग ओढे आपल्याच गाळातून खोल कापत गेले, काठाखालचं पाणी उतरलं आणि विलोंची मुळं कोरड्यात राहिली. अशा काठावर उद्या एकही एल्क फिरकला नाही, तरी विलो किती वाढणार?

नेमकं हेच कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या टॉम हॉब्स आणि डेव्हिड कूपर यांच्या गटानं २००१ पासून चार ओढ्यांवर तपासलं. काही वाफ्यांना कुंपण, काहींना बीव्हरांच्या धर्तीचा कृत्रिम बांध, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. पहिल्या दशकाचा निकाल २०१३ मध्ये आला: कुंपण आणि बांध दोन्ही मिळाले तिथेच विलो दोन मीटरच्या पार गेले. नुसतं कुंपण पुरलं नाही. उत्तरेकडच्या कळपातले एल्क १९९४च्या सुमारे १९ हजारांवरून तोवर चार हजारांच्या आत आले होते, हेही लक्षात घ्या.

दुसरी बाजू गप्प बसलेली नाही. ओरेगॉन स्टेटच्या विल्यम रिपल यांच्या गटानं २०२५ मध्ये मांडलं की विलोंच्या पर्णसंभाराचं आकारमान सुमारे १५०० टक्क्यांनी वाढलं. आकडा डोळे दिपवणारा. त्याच वर्षी डॅनियल मॅकनल्टी, कूपर वगैरेंनी त्यावर बोट ठेवलं: तुम्ही आकारमान उंचीवरूनच काढता, आणि मग उंचीशी त्याचा संबंध दिसतो म्हणून सांगता! माझं मत कूपरांच्या पारड्यात. काही काठांवर विलो खरोखर उंचावले आहेत, ते नाकारण्याचं कारण नाही. पण खोल गेलेला ओढा लांडग्याला वर आणता येत नाही.

ते काम बीव्हरचं, आणि बीव्हरही सगळे आपोआप आलेले नाहीत. लांडगे यायच्या नऊ वर्षं आधी, १९८६ मध्ये, उद्यानाच्या उत्तरेला लागून असलेल्या सरकारी जंगलात बीव्हर सोडायला सुरुवात झाली. वन खात्याचे जीवशास्त्रज्ञ डॅन टायर्स यांनी ते काम केलं. १९९९ पर्यंत तिथे १२९ बीव्हर सोडले गेले होते.