बेबेरीचे मेण

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, जेथील वालुकामय व निःसत्त्व भूमीत अन्य वनस्पती जेमतेम तग धरतात, तेथे मुळांवरील गाठींतील फ्रँकिया नामक जीवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र मिळवून बेबेरीचे सुगंधी झुडूप बहरते. मिऱ्याएवढ्या त्याच्या फळांवर राखाडी-पांढऱ्या मेणाचा थर असतो. फळे पाण्यात उकळली की मेण वितळून वर तरंगते आणि निवल्यावर त्याची हिरवट वडी हाती येते. चरबीच्या दुर्गंधीयुक्त मेणबत्त्यांवर गुजराण करणाऱ्या तेथील इंग्रज वसाहतवाल्यांना हा केवढा दिलासा वाटला असेल! बेबेरीच्या मेणाची मेणबत्ती विझवल्यावरही सुवास दरवळतो, अशी नोंद रॉबर्ट बेव्हर्ली यांनी 1705 साली प्रसिद्ध केलेल्या व्हर्जिनियाच्या इतिहासात आहे.

रसायनदृष्ट्या मात्र हे मेण नव्हेच. ते मुख्यतः पामिटिक व मिरिस्टिक आम्लांचे ग्लिसराइड, म्हणजे वनस्पतिजन्य स्निग्ध द्रव्य होय. बहुतेक पक्ष्यांना न पचणारे हे द्रव्य शेपटीच्या बुडाशी पिवळा असलेला एक चिमुकला वार्बलर पचवितो, आणि म्हणूनच, आपले जातभाई कडाक्याच्या थंडीत दक्षिणेकडे निघून गेले तरी, तो त्या किनाऱ्यावर हिवाळा काढू शकतो. आपल्या आयुर्वेदातील कायफळ, ज्याची साल काष्ठौषधीच्या दुकानांत मिळते, ते बेबेरीच्याच कुळातील हिमालयीन झाड आहे.