वीज आणि गारवा : एकाच इंजिनावरचा भार

विमानाचे इंजिन विमानास पुढे लोटते, हे आपण सारे जाणतो. परंतु त्याच इंजिनाच्या दांड्यावर दातेरी चाके जोडून वीज निर्माण करणारी जनित्रेही चालवितात. त्या विजेवर रडार, गणकयंत्रे व संदेशयंत्रे चालतात आणि तिचा बहुतेक भाग अखेर उष्णता होऊन त्या यंत्रांतच साचतो. ती बाहेर काढावयाची म्हणजे पुन्हा इंजिनापुढेच हात पसरणे आले.

बहुतेक विमानांत इंजिनातील दाबलेली, तापलेली हवा काढून घेतात, बाहेरच्या वाऱ्याने निववितात आणि एका लहान टर्बाइनमधून पसरू देतात. पसरताना ती चाक फिरविते आणि त्या श्रमात स्वतः थंड होते. हीच हवा वैमानिकाकडे व यंत्रांकडे जाते. पण हवा काढली की इंधन अधिक जळते. वीज वाढली की उष्णता वाढते, उष्णता वाढली की गारव्याचा खर्च वाढतो आणि बिल येते ते इंजिनाच्याच नावे! वीजवाल्यांनी व शीतकरणवाल्यांनी आपापले आराखडे वेगळे काढले, तर दोघांच्या जादा तरतुदीचे ओझे विमान जन्मभर वाहते.

एकाच साधनाकडून दोन्ही कामे कशी घ्यावीत, हे आपल्या शहरातील पाणचक्की दाखविते. मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंचावरून पडून चक्की फिरविते. पुढे ते हौदात साठते आणि हौदाखालचे दालन ऐन उन्हाळ्यात गार राखते. अमेरिकेच्या एफ-३५ विमानात साहाय्यक शक्ती, आणीबाणीची वीज व शीतकरण ही तिन्ही कामे अशीच एका संचाकडे सोपविली आहेत. २००९ साली प्रथम उडालेल्या बोइंग ७८७ मध्ये प्रवाशांसाठी इंजिनातील हवा घेतच नाहीत. विजेचे पंप बाहेरची हवा दाबून आत घेतात.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात मिग व सुखोई विमाने तयार झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने जाहीर उड्डाण केले. त्याच्या नव्या पद्धतीच्या रडारला थंड ठेवण्यास द्रव खेळवावा लागतो.

कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट पुनःपुन्हा पाहिली. दोन खात्यांच्या सीमेवरील काम कोणाचेच नसते आणि बिघाड बहुधा तेथेच होतो. कोणती तापलेली नळी कोणत्या तारेला खेटते, हे अडचणीत हात घालणाऱ्या फिटरला ठाऊक असते. यंत्रांची जोडणी उत्तम व्हावयाची असेल, तर आराखडा कागदावर असतानाच त्यालाही त्या टेबलाशी बसविले पाहिजे.