पडून राहिलेल्या मोटारसायकलीची टाकी

वडोदरा रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला, गोरव्याला लागून सुभानपुरा ही वसाहत आहे. जवळच कोयलीला १९६५ साली सोव्हिएत साहाय्याने सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना असल्याने पेट्रोल हा या परिसराच्या ओळखीचा विषय. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला आणि वडोदऱ्याच्या अनेक भागांत दुचाकी पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर मालकांना काळजी पडली ती इंजिनाची. टाकीकडे लक्ष गेले ते पुढे, गाडी सुरू होऊन पुन्हा पुन्हा बंद पडू लागली तेव्हा. वास्तविक टाकीच्या झाकणाला हवा आत घेण्यासाठी बारीक छिद्र असते आणि बुडालेल्या गाडीत पाणी तेथूनही शिरते.

गोव्यात गाडी पुरात बुडण्याची गरज नसते. चार महिन्यांचा दमट पावसाळा तेच काम सावकाश करतो. घरचा माणूस जहाजावर किंवा आखातात नोकरीला, मोटारसायकल बाल्कांवाच्या कडेला ताडपत्रीखाली, टाकीत जेमतेम दोन लिटर पेट्रोल, असे दृश्य कोणत्याही गावात दिसेल. अर्धवट रिकाम्या टाकीतील दमट हवा रात्री थंड होते, तिच्यातील बाष्प पत्र्यावर थेंबांच्या रूपाने साचते आणि खाली ओघळते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते. गंज तेथेच धरतो, आणि टाकीच्या वरच्या उघड्या पत्र्यावरही.

इथेनॉलने हे गणित थोडे बदलले आहे. ई-२० इंधनाचे वितरण फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झाले आणि आता तेच सर्वत्र मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते, त्यामुळे थोडेफार पाणी इंधनात विरघळून इंजिनात जळूनही जाते. मात्र मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्रितपणे पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी थर धरतात. जुन्या गाड्यांत पेट्रोल कॉकची मुख्य नळी तळापासून थोडी उंच असते, रिझर्व्हची नळी मात्र तळालगत. म्हणूनच एरवी नीट चालणारी गाडी रिझर्व्हवर घेताच आचके देऊ लागली, तर टाकीत पाणी असल्याची शंका घ्यावी. जुन्या टू-स्ट्रोक येझदी किंवा राजदूतच्या टाक्या या बाबतीत नशीबवान. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा पातळ लेप त्यांना आतून काही प्रमाणात सांभाळत असे.

सफाईच्या कृतीआधी एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी अधिक धोकादायक असते. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की ठिणगीसरशी स्फोट होतो. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत हे प्रमाण सहज जुळून येते. शिवाय ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरत देवघरातल्या समईपर्यंत किंवा गॅसच्या शेगडीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून टाकी काढण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी, काम उघड्यावर करावे आणि पेट्रोल काढून घेताच टाकी काठोकाठ पाण्याने भरून ओतावी. टाकीला भोक असल्यास वेल्डिंगचा मोह घरी किंवा नवख्या कारागिराकडे मुळीच नको. गंजाच्या पापुद्र्यांत मुरलेले पेट्रोल धुतल्यानंतरही वाफ सोडत राहते.

बीएस-६ पिढीच्या बहुतेक गाड्यांत इंधनाचा पंप टाकीतच बसवलेला असतो. त्या टाक्या गॅरेजमध्येच द्याव्यात. पुढची कृती कार्ब्युरेटर असलेल्या गाडीच्या पत्र्याच्या टाकीसाठी आहे.

पेट्रोल कॉक आणि फ्लोट काढून भोके रबरी बुचांनी बंद करावीत. वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट, वार्निशासारखा वास येणारा थर आत बसलेला असतो. तो आधी भांडी घासण्याच्या द्रवसाबणाने आणि कोमट पाण्याने काढावा, कारण त्या थराखालच्या गंजापर्यंत आम्ल पोहोचतच नाही. बहुतेकांची मेहनत फुकट जाते ती येथे. सुटा गंज पाडण्यासाठी मूठभर नट किंवा साखळीचा तुकडा टाकून टाकी हलवतात. नट टाकताना मोजावेत आणि काढताना पुन्हा मोजावेत.

मग लिंबूसत्त्व. वडोदऱ्याच्या किराणा दुकानात ‘लिंबूनां फूल’ म्हणून मागितले जाणारे हे सायट्रिक ॲसिड स्वस्त आहे आणि पत्र्याला फारसे दुखवत नाही. लिटरभर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम या प्रमाणात द्रावण करून टाकी काठोकाठ भरावी, झाकण सैल ठेवावे आणि रात्रभर राहू द्यावी. बाहेरच्या रंगावर थेंब पडले तर लगेच धुवावेत. संडास साफ करण्याचे तीव्र ॲसिड काही जण वापरतात. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते, आणि त्याच्या वाफा छातीला बाधतात. आपल्या माडाच्या विनागराची आठवण कोणाला झालीच, तर ते स्वयंपाकासाठी राखून ठेवावे. त्यातील आम्ल या कामाला फारच सौम्य.

सकाळी द्रावण ओतून टाकी धुवावी, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल मारावे आणि पुन्हा स्वच्छ पाणी फिरवावे. यानंतरचा अर्धा तास सर्वांत नाजूक असतो. उघडा पडलेला लखलखीत पत्रा ओला राहिला तर डोळ्यांदेखत तांबूस होऊ लागतो. ऑक्टोबरनंतरच्या कडक उन्हात, सर्व भोके उघडी ठेवून टाकी झटपट वाळवावी, आत पेट्रोलमध्ये मिसळलेले थोडे टू-टी ऑइल सर्व बाजूंनी फिरवून काढून टाकावे आणि टाकी ताज्या पेट्रोलने पूर्ण भरावी. हे काम पावसाळ्यात काढू नये, हे त्यामुळेच. आतून राळेचा लेप देण्याची उत्पादने मिळतात, पण जुन्या प्रकारचे काही लेप इथेनॉलमुळे सुटून नळीत अडकतात. डब्यावर इथेनॉलचा उल्लेख नसेल तर लेप न दिलेला बरा.

काढलेले जुने पेट्रोल गटारात किंवा परसात ओतू नये. गोव्याच्या जांभ्या जमिनीतून ते शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत झिरपायला वेळ लागत नाही, आणि पेट्रोलचा वास लागलेली विहीर लवकर सुधारत नाही. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून ते वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. लिंबूसत्त्वाचे पाणी मात्र सोडा घालून सौम्य केल्यावर मोरीत सोडण्यास हरकत नाही.

टाकी बसवताना नळीत नवे पारदर्शक फिल्टर घालावे. पहिल्या दोन-तीन टाक्यांपर्यंत त्यात तांबूस कण दिसतील. ते तिसऱ्या भरणीनंतरही थांबले नाहीत, तर लिंबूसत्त्वाची आणखी एक रात्र लागेल.