साधेपणाची वाट (९) : नेढं सुईचंच

इजिप्तच्या अँथनीची गोष्ट आज सांगणार होतो. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकावरचा लेख वाचून वसईच्या एका वाचक बाईंनी, ‘श्रीमंताने देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं’ या येशूच्या वचनाबद्दल विचारलंय, ‘जेरुसलेमच्या तटाला “सुईचं नेढं” नावाचा बुटका दरवाजा होता. ओझं उतरवून उंटाला गुडघ्यांवर बसवलं की तो सरकत आत जायचा, असं लहानपणापासून प्रवचनांत ऐकत आले. तुम्ही त्याचा उल्लेखच कसा केला नाही?’

केला नाही, कारण असा दरवाजा होता याला काडीचा पुरावा नाही.

ही गोष्ट आपल्याला चटकन पटते, त्याचं एक कारण मराठीतच आहे. राजगडाच्या सुवेळा माचीवर, रतनगडाच्या माथ्यावर कातळाला आरपार भोक पडलंय, त्यालाही आपण नेढंच म्हणतो. माणूस त्यात ऐसपैस बसून वारा खातो. मग जेरुसलेमला उंटाएवढं नेढं का नसावं? पण मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांतला ग्रीक शब्द शिवणाच्या सुईचा आहे. लूकने दुसरा शब्द वापरलाय, तोही सुईचाच. हे लिहिताना गोधडीची सुई समोर ठेवली आहे. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून, पीळ देऊन ओवायला बसलो. तिसऱ्या खेपेला गेला, तरी एक तंतू बाहेरच राहिला.

संत जेरोम ३८६ सालापासून मरेपर्यंत बेथलेहेमला राहिला. जेरुसलेम तिथून पायी दोनेक तासांवर. मत्तयावर त्याने भाष्य लिहिलं, पण नेढं नावाचा दरवाजा त्यात नाही. मात्र पापांचं ओझं उतरवून जेरुसलेमच्या वेशीतून शिरणारे उंट त्याने यशयाच्या ग्रंथावरून रूपक म्हणून आणले आहेत. माझा तर्क असा, की पुढे कुणीतरी हे रूपक खऱ्या दगडामातीत बांधून काढलं. आज दिसणारा तट तर सुलतान सुलेमानने १६व्या शतकात उभारलेला. येशूच्या काळातलं शहर रोमनांनी इ.स. ७० मध्येच उद्ध्वस्त केलं होतं.

दुसरी पळवाट दोराची. ग्रीकमध्ये उंट म्हणजे ‘कामेलोस’, जाड दोर म्हणजे ‘कामिलोस’. ५व्या शतकात अलेक्झांड्रियाच्या सिरिलने दोराचा अर्थ घेतला. पण जहाजाचा दोर तरी सुईत कुठे जातो? बाबिलोनच्या ताल्मुद या ज्यू धर्मग्रंथात याच नेढ्यापुढे हत्ती उभा केलाय, अशक्य गोष्टीचा दाखला म्हणून. पॅलेस्टाइनच्या माणसाला रोज दिसणारं सगळ्यांत मोठं जनावर उंट, एवढाच फरक.

आणि येशूच्या शिष्यांचं काय? त्याचं हे वचन ऐकून ते हबकले, मग तारण तरी कुणाचं होणार असं विचारू लागले. बुटक्या दरवाजाला कोण एवढं घाबरतं? येशूनेही त्यांना युक्ती सांगितली नाही. माणसाला हे जमणारं नाही, देवाला जमतं, असं म्हणाला. दरवाजा मानला की हे उत्तरच फुकट जातं. मग देवाची गरज काय, उंट हाकणारा पुरे.

मला सगळ्यांत खुपतं ते ओझ्याचं. व्यापाऱ्याचा माल तटाबाहेर कुणी टाकून देत नाही. उंट आत जातो, हमाल गाठोडी आत आणतात आणि तीच गाठोडी पुन्हा त्याच पाठीवर चढतात. श्रीमंताचं काहीच गेलं नाही, फक्त क्षणभर गुडघे टेकले. हे वचन ज्याच्यावरून निघालं, त्या श्रीमंत माणसाला येशूने ओझं खाली ठेवायला सांगितलं नव्हतं. असेल ते विकून गरिबांना वाटून टाकायला सांगितलं होतं, आणि म्हणूनच तो खिन्न होऊन निघून गेला.

हाच प्रसंग इ.स. २७०च्या सुमारास विशीतल्या अँथनीने देवळात ऐकला आणि वडिलांची ३०० अरूरा (हे इजिप्तचं जमीन मोजायचं माप) सुपीक जमीन गावाला देऊन टाकली. घरातलं सामान विकून आलेला पैसा गरिबांना वाटला, पण थोडा मागे ठेवला, धाकट्या बहिणीसाठी. त्या थोड्याचं काय झालं, ते पुढच्या आठवड्यात.