रखरखीत मातीतील नत्रदाते

बाभूळ, शमी यांसारख्या कोरड्या प्रदेशातील शेंगाधारी वृक्षांच्या मुळांवर गाठी येतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करून झाडाला पुरवतात आणि झाड त्यांना प्रकाशसंश्लेषणातून मिळालेले अन्न देते. डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी १८८८ मध्ये असे जिवाणू गाठींतून वेगळे करून वाढवले. पुढे दीर्घकाळ त्यांना ‘रायझोबियम’ हे एकच नाव चालले. जनुकांची तुलना शक्य झाल्यावर मात्र त्यांत अनेक प्रजाती आढळल्या. रुक्ष भागातील वृक्षांवर प्रामुख्याने सायनोरायझोबियम (याला एन्सिफर असेही म्हटले गेले आहे), मेसोरायझोबियम आणि ब्रॅडीरायझोबियम सापडतात.

यांतल्या बऱ्याच जातींची ओळख आफ्रिकेतून झाली. १९९४ मध्ये सेनेगलमधील नमुन्यांवरून सायनोरायझोबियम साहेली व सायनोरायझोबियम टेरांगा या जातींचे वर्णन झाले. १९९९ मध्ये सुदान व केनियातील वृक्षांवरून आर्बोरिस व कोस्टिएन्स या दोन जातींची भर पडली. सुदानमधील जिवाणूंचे काही वाण ४२ अंश सेल्सिअस तापमानात आणि खारट माध्यमातही वाढतात. हे जिवाणू फक्त वरच्या थरात राहतात असेही नाही. सेनेगलमध्ये आफ्रिकी पांढऱ्या बाभळीखाली भूजलपातळीजवळ, ३४ मीटर खोलीवर ब्रॅडीरायझोबियम आढळले.

या जिवाणूंची जनुके ढोबळमानाने दोन गटांत मोडतात. पेशीचे रोजचे व्यवहार चालवणारी जनुके गुणसूत्रावर असतात. गाठी पाडणारी ‘नॉड’ आणि नत्र स्थिर करणारी ‘निफ’ जनुके अनेकदा प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनए वलयावर असतात. मेसोरायझोबियममध्ये ती बहुधा गुणसूत्रातल्याच एका स्वतंत्र तुकड्यात असतात. प्लाझ्मिड किंवा असा तुकडा एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतो.

हौक्का, लिंडस्ट्रॉम आणि यंग या संशोधकांनी १९९८ मध्ये आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील वृक्षांवरचे ५२ वाण तपासले. सहजीवनाच्या, म्हणजे ‘नॉड’ व ‘निफ’ जनुकांवरून त्यांचे तीन गट पडले: आफ्रिकेतील सायनोरायझोबियम, लॅटिन अमेरिकेतील सायनोरायझोबियम आणि दोन्हीकडचे मेसोरायझोबियम. आफ्रिकी गटात गुणसूत्रे वेगवेगळी असूनही सहजीवनाची जनुके सारखी निघाली. म्हणजे ती जातीची सीमा ओलांडून गेली असावीत. उलट, शेवरीच्या प्रजातीतील झाडावरून मिळालेल्या साहेलीच्या वाणाचे ‘नॉड’ जनुक जवळच्या नातलगांपेक्षा पूर्ण वेगळे निघाले. कोणत्या झाडाशी जमेल हे ‘नॉड’ जनुके बऱ्याच अंशी ठरवतात, तर उष्णता आणि क्षार सोसण्याची ताकद मुख्यतः उरलेल्या जनुकसंचातून येते.

रोपवाटिकेत जिवाणू संवर्धक वापरताना हा भेद उपयोगी पडतो. प्रयोगशाळेत भरपूर गाठी देणारा वाण तापलेल्या, क्षारयुक्त जमिनीत टिकेलच असे नाही आणि तेथील स्थानिक जिवाणूंशी त्याला स्पर्धाही करावी लागते. म्हणून ज्या भागात रोपे लावायची, तिथल्याच झाडांच्या गाठींतून वाण वेगळे करून त्यांची आधी चाचणी घेणे श्रेयस्कर ठरते.