कोर्टाबाहेरचा बॅरिस्टर

सिंधुदुर्गात ‘बॅरिस्टर’ म्हटलं की जुन्या पिढीला पुढचं नाव सांगावं लागत नाही. मालवणात आणि कट्ट्याला बॅ. नाथ पै सेवांगण आहे, कुडाळात त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था आहे आणि चिपीच्या विमानतळालाही त्यांचंच नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. नावाआधीचं ते ‘बॅ.’ इतकं चिकटलं आहे, की आडनाव एकवेळ गळेल, पण ते गळणार नाही. गंमत अशी की या बॅरिस्टरांनी गाजवलेला खटला कोणता, असं विचारलं तर सांगणारा गप्प होतो. त्यांची कीर्ती काळ्या कोटाची नाही. त्यांनी कायदा लढवला तो लोकसभेत, आणि त्यांची सर्वांत मोठी कायदेशीर लढाई त्यांच्या हयातीत निकाली निघालीच नाही.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. शिक्षण बेळगावात. १९४२ च्या लढ्यात तुरुंगवास आणि पोलिसांचा मार, दोन्ही वाट्याला आले. पुढे लंडन आणि लिंकन्स इन.

बॅरिस्टर होणं म्हणजे नेमकं काय, हे आज समजावून सांगावं लागतं. लंडनमध्ये ‘इन’ नावाच्या वकिलांच्या चार जुन्या संस्था आहेत. त्यांतल्या एकीत नाव घालायचं, परीक्षा द्यायच्या आणि ‘टर्म’ भरायच्या. टर्म भरायच्या म्हणजे संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवायला हजर राहायचं! परीक्षेइतकंच हे जेवणही सक्तीचं. एवढं झालं की संस्थेचे ज्येष्ठ सभासद उमेदवाराला वकिली करायची मुभा देत, आणि बोटीने परतलेल्या माणसाला हिंदुस्थानातल्या हायकोर्टांत मान मिळे. डॉ. आंबेडकरांना ही मुभा ‘ग्रेज इन’ने १९२२ मध्ये, म्हणजे नाथ पैंच्या जन्मसालीच दिली. त्याच ग्रेज इनने सावरकरांना परीक्षा उत्तीर्ण होऊनही ती नाकारली होती.

सावरकरांचा विषय निघालाच आहे, तर आंतरराष्ट्रीय कायद्याचा पहिला धडा तिथेच मिळतो. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसला त्यांनी बोटीतून समुद्रात उडी टाकली आणि फ्रान्सचा किनारा गाठला. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केलं. परक्या भूमीवरून कैदी असा परत नेता येतो का, यावर फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या लवादापुढे उभे राहिले. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल असा, की हवाली करताना अनियमितता झाली खरी, पण त्यामुळे कैदी परत देण्याचं बंधन ब्रिटनवर येत नाही. ज्या माणसाच्या आयुष्याचा निकाल लागत होता, त्याला त्या लवादात जागाच नव्हती. आंतरराष्ट्रीय न्यायालयात वादी-प्रतिवादी असतात ती राष्ट्रं. माणूस असतो तो त्यांच्या कागदपत्रांत.

नाथ पै या जगात शिरले ते राजकारणाच्या दाराने. १९५४ मध्ये ते समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. संघटनेचं मुख्यालय व्हिएन्नात होतं, आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टल याही ऑस्ट्रियाच्याच. आशिया-आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते, वसाहती ठेवणाऱ्या देशांतले तरुण समाजवादी आणि वसाहतींतले तरुण एकाच टेबलाशी बसत होते. अशा ठिकाणी वेंगुर्ल्याचा माणूस काय सांगणार, हे वेगळं सांगायला नको. त्याच्या गावापासून थोड्याच अंतरावर अजून पोर्तुगालचं राज्य होतं.

रेडीच्या बाजूने तेरेखोलच्या किल्ल्याकडे गेलं की हे अजूनही जाणवतं. खाडी गोवा आणि महाराष्ट्राच्या मध्ये वाहते म्हणावं, तर हा किल्ला खाडीच्या अलीकडे, उत्तरेला आहे. तरी हद्द गोव्याची. सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांनी तो अठराव्या शतकात घेतला, तेव्हापासूनचा हा हिशेब. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी बांद्याजवळ पत्रादेवीला पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या चालवल्या.

पोर्तुगालने भारताला हेगच्या न्यायालयात खेचलं ते गोव्यासाठी नव्हे, दादरा आणि नगर हवेलीसाठी. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ही ठाणी मुक्त केली होती. पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला आणि त्याच महिन्यात, २२ तारखेला, त्याने दावा गुदरला: दमणहून या भागांत जायला आम्हाला वाट हवी. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी सांभाळली, तर भारताने नेमलेले न्यायाधीश होते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले महंमद करीम छागला. आणि कागद कुठले निघाले? पेशवाईतले! १७७९ चा तह आणि त्यानंतरच्या सनदा. मराठ्यांनी पोर्तुगीजांना गावांचा वसूल तेवढा दिला होता, की राज्यच देऊन टाकलं होतं, यावर हेगमध्ये खल झाला. न्यायालयाने मानलं की दिला होता तो सरंजामासारखा वसुलाचा हक्क. सार्वभौमत्व मात्र पोर्तुगालला पुढे ब्रिटिशांच्या काळातल्या वहिवाटीने मिळालं. १२ एप्रिल १९६० चा अंतिम निकाल दोघांनाही मिरवता येईल असा होता. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता. फौज, हत्यारबंद पोलीस आणि शस्त्रांना नव्हता. आणि भारताने कसलाही भंग केलेला नाही. दीड वर्षाने, डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय सैन्य गोव्यात गेलं आणि प्रश्न न्यायालयाच्या हातून सुटला. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव रशियाच्या नकाराधिकाराने अडला.

तोवर नाथ पै दिल्लीत रुळले होते. १९५७ मध्ये राजापूर मतदारसंघातून ते लोकसभेत गेले, १९६२ आणि १९६७ मध्येही निवडून आले. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा तेव्हा नव्हता, सारं रत्नागिरीतच होतं. त्यांचं भाषण असलं की नेहरू आवर्जून सभागृहात येऊन बसत, असं सांगितलं जातं.

खरी कसोटी आली १९६७ मध्ये. पंजाबात जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाची पाचशे एकरांवर जमीन होती. कमाल धारणेच्या कायद्याने प्रत्येकाला तीस एकर ठेवून उरलेली जाणार होती. मालमत्ता हा तेव्हा मूलभूत हक्क होता, म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. अकरा न्यायाधीश बसले आणि २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सहा विरुद्ध पाच असा निकाल आला: मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती यापुढे संसदेला करता येणार नाही.

पंजाबातल्या जमिनीचं कोकणाला काय, असं वाटेल. पण खोताच्या जाचाची आठवण कोकणात कुणाला नाही? खोती मोडावी म्हणून आंबेडकरांनी १९३७ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. स्वातंत्र्यानंतर खोती निर्मूलनाचा कायदा झाला, कुळकायदा होताच, आणि कोर्टात ते अडकू नयेत म्हणून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने दोन्ही कायदे नवव्या परिशिष्टात टाकले गेले. घटना दुरुस्त करण्याचा संसदेचा हक्क म्हणजे इथल्या कुळाच्या सातबाऱ्यामागचं बळ होतं. गोलकनाथ निकालाने जुन्या दुरुस्त्या मोडल्या नाहीत, पुढचं दार तेवढं लावून घेतलं.

सहा आठवड्यांत, शुक्रवारी ७ एप्रिलला, नाथ पैंनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकं बहुधा चर्चेपुरतीच येतात आणि विरून जातात. हे विरलं नाही. ते संयुक्त समितीकडे गेलं, देशभर ‘नाथ पै विधेयक’ म्हणून ओळखलं गेलं आणि त्यावरून दोन तट पडले. घटनेतलं कोणतंही कलम ठरलेल्या रीतीने दुरुस्त करता आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. लोकांनी निवडून दिलेली संसद श्रेष्ठ. एका पिढीने लिहिलेलं पुढच्या पिढीने बदलूच नये, हे त्यांना मान्य नव्हतं. उद्या बहुमताच्या जोरावर कुणी नागरिकांचे हक्कच पुसले तर, असा प्रश्न विरोधक विचारत होते, आणि त्यांत खुद्द समाजवादी चळवळीतले लोकही होते. विधेयक मंजूर झालं नाही.

१७ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाला त्यांनी भाषण केलं. त्याच रात्री, १८ तारीख उजाडायच्या आत, हृदयविकाराने ते गेले. वय ४८.

नोव्हेंबरमध्ये २४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. नाथ पैंनी मागितलं होतं ते जवळजवळ तसंच तिच्यात होतं. फक्त आता ते सरकारने आणलं होतं. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात तेरा न्यायाधीशांपैकी सात जणांच्या बहुमताने न्यायालय म्हणालं, संसद मूलभूत हक्कांसह काहीही दुरुस्त करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. म्हणजे गोलकनाथ रद्द ठरवून न्यायालयाने नाथ पैंची बाजू उचलली आणि त्यांच्या विरोधकांची भीतीही खरी मानली. दोनच वर्षांत आणीबाणी आली. संसदेवर त्यांनी टाकलेला विश्वास १९४२ चा तुरुंग पाहिलेल्या माणसाचा होता, आणि तो थोडा जास्तच होता, असं आज म्हणावं लागतं.

आज ‘बॅरिस्टर’ ही पदवी भारतात वेगळा मान देत नाही. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने साऱ्यांना एका रांगेत आणलं. काम मात्र वाढलं. मूळ सांगलीचे कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने फाशी सुनावली, तेव्हा नागपुरात वाढलेल्या हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर हेगमध्ये भारताची बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने म्हटलं की जाधवांना भारतीय वकिलातीची भेट नाकारून पाकिस्तानने व्हिएन्ना करार मोडला. त्यांच्या सुटकेचा आदेश मात्र दिला नाही. ज्या बेळगावसाठी नाथ पै अखेरपर्यंत बोलले, त्याचा महाराष्ट्राने केलेला दावाही २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

मालवण-वेंगुर्ल्याच्या मुलामुलींनी या वाटेला जायचं तर लंडनची बोट लागत नाही. बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी, मग बार कौन्सिलची परीक्षा. पर्ससीनवाल्यांशी पारंपरिक मच्छीमारांचा वाद असो की खाणींविरुद्ध जंगल राखायची याचिका असो, सार्वजनिक कायद्याचे प्रश्न या जिल्ह्यात पोत्याने पडले आहेत. ऑगस्ट २०२५ पर्यंत त्यासाठी हायकोर्ट म्हणजे मुंबई होतं. गोव्यातलं पर्वरीचं खंडपीठ कितीतरी जवळ, पण ते दुसऱ्या राज्याचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहे. लोकसभेतल्या जुन्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट वाचायला मिळतात. कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाने नाथ पै विधेयकावरची चर्चा तिथे एकदा वाचावी, आणि त्यांच्या विरोधात झालेली भाषणंही वगळू नयेत.